हीट शील्ड परत बसत नाही तेव्हा

मोटारसायकलच्या इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपवर एक वाकवलेला पत्रा बसवलेला असतो. पुस्तकात त्याला हीट शील्ड म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘गार्ड’. काढायला पाच मिनिटं लागतात. परत बसवायला कधीकधी अख्खी दुपार जाते. दोन बोल्ट लागतात आणि तिसऱ्याचं भोक समोर येतच नाही. किंवा तिन्ही लागतात आणि गाडी सुरू केली की खडखड सुरू होते. मग कुणीतरी म्हणतं, ‘आवळ अजून, बसेल.’

या पोस्टमध्ये मला त्या ‘आवळ अजून’बद्दल बोलायचंय. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय. उष्णतावहन शिकलायत, सूत्रं पाठ आहेत. पण प्रयोगशाळेत आल्यावर पहिल्या वर्षातला निम्मा वेळ सूत्रांत जात नाही, तो काहीतरी काढून परत बसवण्यात जातो. आणि परत बसवलेली वस्तू ‘तीच’ वस्तू आहे, हे आपण गृहीत धरतो. हीट शील्डच्या बाबतीत ते गृहीतक किती सहज मोडतं, ते बघू.

आधी या पत्र्याचं काम काय ते पाहू. समजा, पाइपचा पृष्ठभाग ४०० अंश सेल्सिअसला आहे. स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम लावा. गंजलेल्या, काळपट पाइपची उत्सर्जकता, म्हणजे वर्गात आपण जिला एमिसिव्हिटी म्हणतो ती, ०.८ धरली तर दर चौरस मीटरमागे ९ किलोवॅटच्या आसपास प्रारण बाहेर पडतं. तळहाताएवढ्या, साधारण १५० चौरस सेंटिमीटर तुकड्यातून १४० वॅट. म्हणजे जुन्या शंभरच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता, पोटरीपासून चार बोटांवर.

मध्ये एक पत्रा घातला की काय होतं? दोन समांतर पृष्ठभागांमधल्या फटीचा प्रारणरोध काढायचा तर पहिल्याच्या उत्सर्जकतेचा व्यस्त, अधिक दुसऱ्याच्या उत्सर्जकतेचा व्यस्त, वजा एक. उघड्या पाइपसाठी, भोवतालाला काळा धरून, हा आकडा १.२५ येतो. मध्ये चकचकीत पत्रा आला, उत्सर्जकता ०.१, की पाइप ते पत्रा १०.२५ आणि पत्रा ते भोवताल १०, एकूण २०.२५. प्रारण सोळाव्या हिश्श्यावर येतं! तोच पत्रा गंजून ०.८ झाला असेल तर एकूण रोध फक्त २.७५, आणि प्रारण निम्म्याच्या थोडं खाली. वहीत एकदा करून बघा, दोन ओळींचं गणित आहे. हे सपाट आणि फक्त प्रारणाचं चित्र आहे, खरा पाइप गोल असतो आणि वारा वाहत असतो, पण कल्पना यायला पुरे.

इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात जे नसतं ते म्हणजे पत्रा हवेत तरंगत नाही. तो पाइपलाच धरून उभा असतो, आणि ज्या तीन जागी तो धरलेला असतो तिथेच सगळी गंमत आहे.

एक जोड उलगडून बघू. रचना गाडीगाडीला वेगळी असते, पण चांगल्या रचनेत साधारण हे भाग सापडतात. पाइपवर वेल्ड केलेला आट्यांचा तुकडा, त्याला बॉस म्हणू. त्यावर उष्णतारोधक वॉशर. त्यावर पत्रा. पत्र्यावर पुन्हा तसाच वॉशर. वर धातूचा चपटा वॉशर आणि मग बोल्टचं डोकं. आणि या सगळ्याच्या पोटात, बोल्टभोवती, एक छोटं नळीसारखं बुश. धातूचंच. पत्र्याचं भोक या बुशपेक्षा मोठं असतं, त्यामुळे पत्रा बुशला टेकत नाही, दोन वॉशरच्या मध्ये सँडविचसारखा धरलेला राहतो.

आता उष्णतेच्या जागी स्वतःला ठेवा. बॉसमधून पत्र्यात जायचंय. सरळ वर गेलात तर खालचा रोधक वॉशर आडवा येतो. बुशमधून चढून, चपट्या वॉशरवरून वळून खाली उतरलात तर वरचा रोधक वॉशर आडवा येतो. कुठूनही जा, एक नाका लागतोच. म्हणून वॉशर दोन असतात. ‘एक हरवला तर हरवला, दुसरा आहे ना’ हे इथे चालत नाही.

आकडे घालू. पत्रा २०० चौरस सेंटिमीटर, पाइपपासून अंतर ८ मिलिमीटर. गरम हवेची वाहकता सुमारे ०.०४ वॅट प्रति मीटर-केल्विन धरली तर पूर्ण फटीतून वहनाने दर अंशामागे ०.१ वॅट जातो. आता त्या फटीत १ चौरस सेंटिमीटर छेदाचा, ८ मिलिमीटर उंचीचा पोलादी ठोकळा उभा करा. पोलादाची वाहकता ५० धरा. दर अंशामागे ०.६ वॅटहून थोडं जास्त! एक बोटभर ठोकळा अख्ख्या हवेच्या फटीच्या सहापट उष्णता नेतो. असे तीन असतील तर अठरापट. आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा २ मिलिमीटर जाडीचा रोधक वॉशर, वाहकता ०.३, मध्ये घातला की त्या वाटेने दर अंशामागे फक्त ०.०१५ वॅट. प्रत्यक्षात धातू-धातूच्या सांध्यालाही थोडा रोध असतो आणि उष्णता पातळ पत्र्यात पसरायला अडखळते, त्यामुळे खरे आकडे इतके टोकाचे नसतील. पण कुणाची बाजू जड आहे हे कळायला एवढं बस.

म्हणजे तुम्ही पत्र्याला कितीही भारी कोटिंग द्या, जोडात एक धातूचा वॉशर चुकीच्या जागी गेला की पाइपची उष्णता तिथून सरळ आत येते.

गॅरेजमध्ये हे कसं घडतं ते सांगते. रोधक वॉशर जुना होऊन भुगा होतो. पत्रा सैल होऊन खडखडतो. मेकॅनिककडे तो वॉशर नसतो, डब्यातून धातूचा एक वायसर काढून तो जागा भरतो आणि आवळतो. खडखड थांबते, गिऱ्हाईक खूश. मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला सांगितलेली तक्रार ‘आवाज येतो’ एवढीच होती, ती त्याने सोडवली. पत्रा किती तापतो हे कुणी विचारलंच नव्हतं. नळाला वापरतात तो लाल फायबर वॉशरही काही जण घालतात. तो पाण्यासाठी ठीक आहे, एक्झॉस्टच्या तापमानाला तो करपून कोळसा होतो आणि महिन्याभरात पुन्हा खडखड.

आणि बुश? तो तर सगळ्यात आधी हरवतो. पत्रा काढताना टुणकन कुठेतरी पडतो, आणि ‘ही नळी कशाला होती’ असं म्हणून माणूस तसाच बोल्ट लावतो. मला विचाराल तर या अख्ख्या जोडातला सगळ्यात हुशार भाग तोच आहे. बोल्टचा दाब बुश घेतो, वॉशर घेत नाही. बुशची उंची ठरलेली असते, त्यामुळे वॉशर किती दबायचे तेही ठरलेलं असतं. तुम्ही ८ न्यूटन-मीटरने आवळा की ११ ने, वॉशर तेवढेच दबणार. बुश काढलात की सगळा दाब वॉशरवर. तो चिरडतो, पातळ होतो, पत्रा सरकून बोल्टच्या दांड्याला टेकतो, आणि मग पाइप ते पत्रा थेट वाट मोकळी.

इथे संशोधकाने कान टवकारायला हवेत. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की सांध्यातून जाणारी उष्णता दाबाच्या जवळजवळ प्रमाणात वाढते. आणि टॉर्क पाना वापरून तोच आकडा लावला तरी बोल्टमध्ये येणारा खरा ताण घर्षणामुळे २५-३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. आट्यांना तेल लागलंय का, गंज आहे का, यावर ते ठरतं. म्हणजे बुश नसेल तर तुमच्या पत्र्याचं तापमान तुमच्या मनगटावर अवलंबून आहे. बुश असेल तर नाही. तो साडेतीन रुपयांचा तुकडा तुमच्या प्रयोगातला एक चल राशीच काढून टाकतो.

बरं, आता मूळ तक्रार. पत्रा बसत का नाही?

याचं एक कारण प्रसरणात आहे. साधं पोलाद मीटरमागे दर अंशाला सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं. दोन जोडांमध्ये ३०० मिलिमीटर अंतर आहे, पाइप ३५० अंशांनी तापला तर तो १.२६ मिलिमीटर वाढतो. पत्रा १०० अंशांनीच तापला तर तो वाढतो ०.३६. फरक ०.९ मिलिमीटर. हा फरक कुठेतरी जिरायला हवा, म्हणून एक भोक गोल आणि बाकीची लांबट असतात. गोल भोक पत्र्याची जागा ठरवतं, लांबट भोकं त्याला सरकू देतात. आपण काय करतो, हाताला जो बोल्ट सोपा पडेल तो आधी लावतो आणि पूर्ण आवळतो. बहुतेक वेळा तो लांबट भोकाचा असतो. पत्रा चुकीच्या जागी खिळतो आणि गोल भोक दीड-दोन मिलिमीटर बाजूला राहतं. मग स्क्रू ड्रायव्हर घालून ओढणं, पत्रा वाकवणं, तिरका बोल्ट घुसवून आटे खाणं, हा सगळा पुढचा तमाशा.

त्यामुळे क्रम असा ठेवा. इंजिन पूर्ण थंड, हे सांगायला नको. बॉसच्या आट्यांतून योग्य मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून गंज काढा. वॉशर आणि बुश बोल्टवर ओवून ठेवा. पालथ्या जागेत ते पडत असतील तर ग्रीसचा एक ठिपका त्यांना धरून ठेवतो. आधी गोल भोकाचा बोल्ट, पण बोटांनीच, दोन-तीन आटे. मग बाकीचे, तेही बोटांनी. सगळे लागल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. बोटाने फिरत नसेल तर तिरका लागलाय, काढा आणि परत लावा. सगळे पकडले की पत्रा हलवून मध्यावर आणा आणि गोल भोकापासून सुरुवात करून थोडं थोडं आवळत जा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला, म्हणजे ज्याला दहाचा पाना लागतो त्याला, साधारण १० न्यूटन-मीटर. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो घ्या. आट्यांना जाम न होण्यासाठी कॉपर पेस्ट लावली असेल तर घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला ताण जास्त येतो, तेव्हा आकडा जरा खालीच ठेवा.

जाम बोल्टबद्दल थोडक्यात. भेदक तेल घालून रात्रभर थांबा, सहा कोनांचा सॉकेट वापरा, बारा कोनांचा नको. जपानी बनावटीच्या गाड्यांवर फुली खाचेचे स्क्रू दिसतात, ते नेहमीच्या फिलिप्सचे नसतात, त्यांचं मानक वेगळं आहे. फिलिप्सचं टोक त्यातून वर निसटतं आणि खाच खाऊन टाकतं. त्याचा वेगळा ड्रायव्हर मिळतो, घेऊन ठेवा, लॅबमध्येही उपयोगी पडेल.

बसवून झालं की फट मोजा. पत्र्याच्या आत फूटपट्टी जात नाही, मग? लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी चार जागी पाइपवर ठेवून पत्रा बसवायचा, परत काढायचा आणि दबलेल्या गोळीची जाडी व्हर्नियरने मोजायची. एका टोकाला ८ आणि दुसऱ्या टोकाला २ आली तर पत्रा वाकलाय. तो हातात घेऊन सरळ करा, बोल्टने ओढून सरळ करायला जाऊ नका. माती काढायला मात्र विसरू नका, इंजिन सुरू केल्यावर तो वास दोन दिवस जात नाही म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर पोटरीकडे या. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांचं १९४७ सालचं भाजण्यावरचं काम आजही संदर्भ म्हणून घेतलं जातं. त्वचा ४४ अंशाला सुमारे सहा तास राहिली तर इजा होते; ६० अंशाला काही सेकंद पुरतात. आपल्याकडे बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचे पाय डावीकडे असतात, साडी गार्डही तिकडेच. भाजतं कुणाला? उजवीकडून घाईत उतरणाऱ्याला, आणि गाडी लावलेली असताना शेजारी खेळणाऱ्या पोराला. त्या पोराची उंची आणि पाइपची उंची एकच असते. पत्रा ५५ ला आहे की ९० ला, यावर ते पोर दचकून पाय काढतं की फोड घेऊन घरी जातं, हे ठरतं.

आणि हे तापमान मोजताना एक खड्डा आहे, त्यात पडू नका. बऱ्याच जणांकडे इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक असते, आणि तिच्यात उत्सर्जकता ०.९५ भरलेली असते. चकचकीत पत्र्याची ०.१ असेल तर बंदुकीला पत्र्याचं कमी आणि त्यात पडलेलं खोलीचं प्रतिबिंब जास्त दिसतं. पत्रा खरा १५० अंशाला, खोली ३० ला, तर ढोबळ गणिताने बंदूक ५० च्या आसपास दाखवेल. ‘पन्नासच तर आहे’ म्हणून कुणी हात लावला तर? पत्र्यावर रुपयाएवढा ठिपका मॅट काळ्या, उष्णता सोसणाऱ्या रंगाचा द्या आणि तिथेच मोजा, किंवा थर्मोकपल चिकटवा. साध्या, दुसऱ्या वर्गाच्या के-प्रकारच्या थर्मोकपलची सहनमर्यादा या तापमानांना अधिक-उणे २.५ अंश असते, तीही लक्षात ठेवा.

आता हे सगळं तुमच्या प्रबंधात कुठे येतं ते बघा. समजा तुम्ही नव्या कोटिंगची परीक्षा घेताय. जुना पत्रा लावला, मोजलं. काढला, कोटिंग दिलेला लावला, मोजलं. नवा १२ अंशांनी थंड निघाला. पेपर लिहायला घेतला. पण मधे तुम्ही दोन गोष्टी बदलल्यात: कोटिंग बदललं, आणि जोड परत बांधला. १२ पैकी किती अंश कोटिंगचे आणि किती वॉशरचे? हे त्या दोन आकड्यांतून कधीच कळणार नाही. परीक्षक विचारेल, आणि त्याने विचारावंच.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. एकच पत्रा, कशालाही हात न लावता, पाच वेळा इंजिन तापवून मोजा. हा झाला यंत्राचा आणि हवेचा विखुर. मग तोच पत्रा पाच वेळा पूर्ण काढून, परत बसवून मोजा. हा झाला त्यात बांधणीचा विखुर मिळवून. दुसरा विखुर पहिल्यापेक्षा बराच मोठा असेल तर तुमचा प्रयोग सध्या कोटिंगचा नाही, बोल्टचा आहे. कोटिंगचा परिणाम या दुसऱ्या विखुरावर मात करतो का, ते बघायचं. आणि दोन पत्रे आलटूनपालटून, क्रम चिठ्ठ्या टाकून लावायचे. नाहीतर सगळे जुने सकाळी आणि सगळे नवे दुपारी लागतात, आणि हात बसत गेल्यामुळे नव्यांची बांधणी आपोआप चांगली होते. जमलं तर बसवणारा वेगळा ठेवा, ज्याला कुठला पत्रा कुठला हे माहीत नाही. काळा आणि चकचकीत असेल तर लपत नाही म्हणा, पण मोजणाऱ्यापासून तरी लपवता येतं.

पद्धती या प्रकरणात बहुतेक प्रबंध ‘त्यानंतर शील्ड पुन्हा बसवण्यात आले’ एवढंच लिहितात. मला ते वाक्य वाचलं की पुढचे आकडे जरा संशयाने बघावेसे वाटतात. टॉर्क किती, वॉशर कशाचे आणि किती जाडीचे, बुश होतं का, चार जागी फट किती, हे चार ओळींत मावतं. मुलाखतीत ‘तुमच्या प्रयोगातली अनिश्चितता कशी ठरवाल’ असा प्रश्न आला तर उपकरणाच्या अचूकतेवर थांबू नका. परत बांधणीचा विखुर हे उत्तर फार कमी जण देतात.

शेवटची एक बाब, मॅन्युअलमध्ये क्वचित असते. नवे रोधक वॉशर पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात बसतात, किंचित दबतात. त्यामुळे पहिल्या फेरीनंतर, थंड झाल्यावर, बोल्ट एकदा तपासायचे. मी नवे वॉशर घातल्यानंतरच्या पहिल्या तीन फेऱ्यांचे आकडे वहीत वेगळ्या पानावर लिहिते. ते सरासरीत घेत नाही, पण फाडूनही टाकत नाही.